प्रसूती-अनुभव प्रश्नावलींचे अनुकूलन

प्रसूती-अनुभव प्रश्नावलींचे अनुकूलन म्हणजे स्त्रीला तिचे बाळंतपण कसे गेले हे मोजण्यासाठी एका भाषेत तयार झालेली प्रश्नावली दुसऱ्या भाषेतील व समाजातील स्त्रियांना लागू पडेल अशा रूपात घडवणे. घडवलेली प्रश्नावली तेथेही तेच मोजते का, याची पडताळणी हा या कामाचाच दुसरा भाग होय. या पडताळणीला शिक्षणशास्त्र व मानसशास्त्राच्या मराठी ग्रंथांत 'सप्रमाणता' आणि 'विश्वसनीयता' ठरवणे असे म्हणतात. साधन जे मोजायचे तेच मोजत असेल तर ते सप्रमाण होय. पुन्हा मोजले असता जवळपास तेच उत्तर देत असेल तर ते विश्वसनीय होय. घड्याळ रोज दहा मिनिटे पुढे असेल तर ते विश्वसनीय आहे, पण सप्रमाण नाही.

हा विषय परिचर्याशास्त्र, प्रसूतिशास्त्र, सार्वजनिक आरोग्य आणि भाषांतरविद्या यांच्या सीमेवरचा आहे. महाराष्ट्रात, विशेषतः नागपूरसारख्या बहुभाषिक शहरात, तो निव्वळ सैद्धांतिक राहत नाही.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात बाळंतपण आता बहुतांशी रुग्णालयात होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) राज्यातील सुमारे ९४.७ टक्के प्रसूती संस्थात्मक होत्या, तर सिझेरियनचे प्रमाण २५.४ टक्के होते. २०१८–२० या काळात राज्याचा मातामृत्यू दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता. देशाचा दर ९७ होता. माता वाचते की नाही हा प्रश्न पुष्कळ अंशी मार्गी लागल्यावर तिला कसे वागवले गेले, हा प्रश्न पुढे आला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये प्रसूतीच्या वेळी होणाऱ्या अवमानाविषयी व दुर्वर्तनाविषयी निवेदन काढले. २०१८ मध्ये तिने प्रसूतिकालीन सेवेसंबंधी ५६ शिफारशी प्रसिद्ध केल्या व त्यांच्या शीर्षकातच सकारात्मक प्रसूती-अनुभव हे उद्दिष्ट म्हणून नोंदवले. भारत सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये 'लक्ष्य' हा प्रसूतिगृह सुधारणेचा कार्यक्रम सुरू केला. सन्मानपूर्वक मातृसेवा हा त्याचा एक भाग आहे. सेवा घेणाऱ्यांपैकी किमान ८० टक्के स्त्रिया समाधानी असाव्यात, अशी अपेक्षा त्यात प्रोत्साहनासाठी ठेवलेली आहे. समाधानाच्या आकड्याला असे प्रशासकीय वजन आल्यामुळे तो आकडा देणारे साधन कसे तयार झाले, हे तपासणे अगत्याचे ठरते.

नागपुरात मातृसेवेची परंपरा जुनी आहे. कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साहाय्याने १९२१ मध्ये येथे मातृसेवा संघाची स्थापना केली. बालवैधव्य आलेल्या कमलाताईंनी परिचारिकेचे शिक्षण घेऊन हे काम उभे केले; १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेयो) आणि डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय ही आजची मोठी सार्वजनिक केंद्रे. शहरातील मोठ्या शासकीय रुग्णालयांत पूर्व विदर्भाबरोबरच मध्य प्रदेश व छत्तीसगडच्या सीमावर्ती भागांतूनही रुग्ण येतात. त्यामुळे एकाच प्रसूतीकक्षात प्रमाण मराठी, वऱ्हाडी, झाडीबोली, हिंदी आणि गोंडी बोलणाऱ्या स्त्रिया असू शकतात.

संशोधनातही नागपूरचे नाव आहे. माता व बालकांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या 'ग्लोबल नेटवर्क' या आंतरराष्ट्रीय संशोधन जाळ्याची भारतातील केंद्रे नागपूर व बेळगाव येथे आहेत. नागपूर केंद्राचे काम लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन या संस्थेशी निगडित आहे. या जाळ्याच्या नोंदवहीत ठरावीक गावसमूहांतील गर्भवतींची नोंद होते आणि प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत माता व बालकाचे काय झाले ते टिपले जाते. शेजारच्या गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या राणी व अभय बंग आणि सहकाऱ्यांनी घरी होणाऱ्या प्रसूतींचे निरीक्षण करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ७७२ स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांना प्रसूतीत किंवा नंतरच्या काळात काही ना काही आजारपण आल्याचे त्यात दिसले. अशा नोंदींत वजन, रक्तस्राव, ताप, मृत्यू या गोष्टी येतात. भीती, अपमान, धीर यांची मोजणी वेगळ्या साधनाने करावी लागते.

प्रमुख प्रश्नावली

या क्षेत्रातील बहुतेक साधने युरोप व उत्तर अमेरिकेत तयार झाली. कॅनडातील एलेन हॉडनेट यांच्या नावाशी जोडली गेलेली श्रेणी (१९८७) कळांच्या काळात स्त्रीला स्वतःवर किती ताबा वाटला हे मोजते. स्वीडनमधील विज्मा यांची ३३ विधानांची प्रश्नावली (१९९८) प्रसूतीच्या भीतीसंबंधी आहे. कॅरोलिन हॉलिन्स मार्टिन व सहकाऱ्यांची प्रसूती समाधान श्रेणी प्रथम ३० विधानांची होती. २०१४ मध्ये तिची १० विधानांची सुधारित आवृत्ती आली.

सर्वांत जास्त भाषांत गेलेल्या साधनांपैकी एक म्हणजे ॲना डेंकर व सहकाऱ्यांनी स्वीडनमध्ये २०१० साली प्रसिद्ध केलेली प्रसूती-अनुभव प्रश्नावली. ९२० प्रथम-प्रसूत स्त्रियांनी प्रसूतीनंतर एका महिन्याने ती भरली होती. तिच्यात २२ प्रश्न असून ते स्वतःची क्षमता, व्यावसायिकांचा आधार, सुरक्षिततेची भावना आणि निर्णयातील सहभाग या चार घटकांत विभागलेले आहेत. त्यांपैकी १९ प्रश्नांना चार पर्याय आहेत. उरलेल्या तिन्हींचे उत्तर एका रेषेवर खूण करून द्यायचे असते. आंतरिक सुसंगतीचा गुणक पहिल्या तीन घटकांत ०.७८ ते ०.८८ होता, सहभागाच्या घटकात मात्र तो ०.६२ इतकाच होता. जेथे स्त्रीने निर्णयात भाग घेणे गृहीत धरले जाते तेथेही हा घटक नीट पकडता आला नव्हता, ही बाब मराठी अनुकूलन करणाऱ्याने आधीच ध्यानात घ्यावी अशी आहे. २०२० मध्ये या प्रश्नावलीची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली.

वेगळ्या वाटेने आलेले साधन म्हणजे पेशन्स अफुलानी व सहकाऱ्यांनी केनियात तयार केलेली व्यक्तिकेंद्री मातृसेवा श्रेणी (२०१७). तिच्यात ३० प्रश्न आहेत. सन्मान, संवाद व स्वायत्तता, आणि आधारपूर्ण सेवा हे तिचे तीन घटक. गर्दीच्या सरकारी रुग्णालयांचा विचार करून ती घडवली गेल्यामुळे भारतीय परिस्थितीला ती अधिक जवळची आहे.

अनुकूलनाची पद्धत

सर्वसाधारणपणे पाळला जाणारा क्रम डॉर्कस बीटन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडला. मूळ लेखकाची परवानगी घेतल्यावर लक्ष्यभाषा ही मातृभाषा असलेल्या दोघांनी स्वतंत्र भाषांतरे करावीत; त्यांतील एकाला विषयाची माहिती असावी, दुसऱ्याला नसावी. दोन्ही भाषांतरे जुळवून एक पाठ ठरवावा. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांनी तो पुन्हा मूळ भाषेत न्यावा. यास उलट भाषांतर म्हणतात आणि त्याचा पुरस्कार १९७० मध्ये ब्रिस्लिन यांनी केला होता. त्यानंतर तज्ज्ञ समिती सर्व पाठ समोर ठेवून अंतिमपूर्व रूप ठरवते आणि ३० ते ४० व्यक्तींवर त्याची चाचणी घेतली जाते.

महाराष्ट्रातील परिचर्या महाविद्यालयांच्या पदव्युत्तर प्रबंधांत साधनाची सप्रमाणता व विश्वसनीयता यांवर स्वतंत्र भाग असतो. भाषांतर बरोबर असल्याचे भाषातज्ज्ञाचे प्रमाणपत्रही सोबत जोडण्याची रीत आहे. हे प्रमाणपत्र बहुधा मराठीच्या शिक्षकाकडून किंवा प्राध्यापकाकडून घेतले जाते. व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्य आणि बाळंतिणीला कळणारे वाक्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र पहिल्याचीच हमी देते.

उलट भाषांतराचीही हीच मर्यादा आहे. इंग्रजी 'कंट्रोल' या शब्दासाठी 'नियंत्रण' योजला तर उलट भाषांतरात तो तंतोतंत परत येतो आणि समिती समाधानी होते. परंतु 'कळांच्या वेळी तुमचे नियंत्रण होते का?' हे वाक्य ऐकणाऱ्या स्त्रीला रक्तदाबाविषयी विचारले असे वाटू शकते. इंग्रजी शब्दच ठेवला तर आणखी घोटाळा होतो, कारण गावाकडे 'कंट्रोल' म्हणजे स्वस्त धान्याचे दुकान. 'मन घट्ट ठेवता आलं', 'धीर सुटला नाही', 'आपल्या हातात काही आहे असं वाटलं' या बोलण्यातल्या वाक्यांपैकी मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ कोणते, हे स्त्रियांनाच विचारून ठरवावे लागते. त्यासाठी बोधात्मक मुलाखत घेतात: प्रश्न वाचून दाखवायचा आणि 'यात काय विचारलंय असं तुम्हाला वाटलं?' असे विचारायचे. अनुकूलनातील हा टप्पा वेळखाऊ असल्यामुळे तोच सर्वाधिक वेळा गाळला जातो.

मराठीतील विशेष अडचणी

बाळंतपणासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. प्रसूती हा रुग्णालयाच्या पाटीवरचा शब्द. बोलण्यात बाळंतपण किंवा डिलिव्हरी. शस्त्रक्रिया झाली तर 'सिझर', न झाली तर 'नॉर्मल'. बाळंत झालेल्या स्त्रीला 'मोकळी झाली', 'सुटका झाली' असे म्हणतात. या वाक्प्रचारांतच बाळंतपण म्हणजे पार पडायचे संकट, ही धारणा आहे. 'तुमचा प्रसूतीचा अनुभव कसा होता?' या प्रश्नाला 'सुटले एकदाची' किंवा 'बाळ सुखरूप आहे ना, मग झालं' असे उत्तर आले तर ते अनुभवाचे वर्णन नसते. संकट टळल्याची ती पोच असते. म्हणून 'समाधान' विचारणारा एकच ढोबळ प्रश्न येथे निकामी ठरतो. सिस्टरने येऊन पाहिले का, तपासणीआधी सांगितले का, आडोसा केला का, पाणी प्यायला दिले का, असे घडलेल्या गोष्टींचे प्रश्न अधिक खरी माहिती देतात. 'खासगीपणा' या पुस्तकी शब्दापेक्षा 'आडोसा' किंवा 'पडदा' केव्हाही बरा.

मूळ प्रश्नावलींतील माणसेही बदलतात. स्वीडिश प्रश्नावलीत सुईण ही प्रशिक्षित व स्वतंत्र व्यावसायिक आहे. मराठीत 'सुईण' म्हटले की गावातील पारंपरिक दाई डोळ्यांसमोर येते. सरकारी रुग्णालयात स्त्रीचा संबंध डॉक्टर, सिस्टर आणि मावशी यांच्याशी येतो. 'मावशी' म्हणजे कक्षसेविका. 'कर्मचारी' या एका शब्दात या तिघींना गुंडाळले, तर सिस्टरने दिलेला धीर आणि मावशीने टाकलेला टोमणा यांची सरासरी निघते. जोडीदाराचा प्रश्नही तसाच. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यावी असे ठरवले, पण ती प्राधान्याने स्वतः बाळंतपण अनुभवलेली नातेवाईक स्त्री असावी अशी अपेक्षा ठेवली. पुरेसा आडोसा असेल तेथे पतीलाही मुभा आहे. 'मला व माझ्या जोडीदाराला आपुलकीने वागवले' या आशयाचे विधान म्हणूनच आई, सासू, बहीण किंवा जाऊ यांना सामावून घेईल असे करावे लागते. वेदनाशमनाच्या निवडीत आपले मत विचारले गेले का, हा प्रश्न तर जेथे निवडच उपलब्ध नसते तेथे निरर्थक होतो. तो गाळावा, की उत्तर 'नाही' असेच नोंदवावे, यावर समितीला निर्णय घ्यावा लागतो. गाळल्यास सेवेतील उणीव मोजणीतून नाहीशी होते.

काही गोष्टी मूळ साधनात नसतात आणि घालाव्या लागतात. बाळ झाल्यावर मागितले जाणारे 'पेढ्यांचे पैसे' हे त्याचे उदाहरण. खाटेची वाटणी हे दुसरे. मुलगी झाल्यावर कक्षात किंवा घरच्यांत उमटलेली प्रतिक्रिया हे तिसरे.

व्याकरणाचेही प्रश्न आहेत. विदर्भातील स्त्री 'मी घाबरले' असे न म्हणता 'मी घाबरली' असे म्हणते; 'मला' ऐवजी 'मले' हे रूपही सर्रास आढळते. छापील पाठ प्रमाण मराठीत ठेवून मुलाखतकर्तीला बोलीतील पर्याय ठरवून देणे हा मध्यम मार्ग होय. प्रत्येकीने आपापल्या परीने वाक्य बदलले तर मोजमाप एकसारखे राहत नाही. नकारार्थी विधाने मराठीत विशेष घातक ठरतात. 'तुम्हाला एकटं वाटलं नाही ना?' याला 'हो' असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ 'हो, नाही वाटलं' असा असू शकतो आणि 'हो, वाटलं' असाही. अशी विधाने होकारार्थी करून घेणे आणि गुण देताना त्यांची दिशा पुन्हा तपासणे आवश्यक असते.

संबोधन हा सर्वांत नाजूक भाग. केनियातील श्रेणीत कर्मचाऱ्यांनी तुम्हाला नावाने हाक मारली का, असा आदर मोजणारा प्रश्न आहे. तेथे 'खाट क्रमांक सात' असे न म्हणता नाव घेणे हा सन्मान होय. मराठीत लहान वयाच्या अनोळखी व्यक्तीने नुसत्या नावाने हाक मारली तर ती अपमानास्पद वाटू शकते. आदर येथे 'ताई', 'बाई', 'वहिनी' या शब्दांत आणि 'तू' की 'तुम्ही' या निवडीत असतो. पण 'तू' सरसकट अनादराचाही नाही. वयस्क सिस्टरने पाठीवरून हात फिरवत 'घाबरू नकोस गं' म्हटले तर त्यात माया असते. तोच 'तू' ओरडण्यातून आला तर झोंबतो. म्हणून 'तुम्हाला कसं हाक मारत होते आणि ते तुम्हाला कसं वाटलं?' असा दुहेरी प्रश्न दोन वेगळ्या विधानांत मोडून विचारणे योग्य.

रूपकात्मक वाक्यांची गोष्ट निराळीच. कॉक्स व सहकाऱ्यांची एडिंबरो प्रसूतिपश्चात नैराश्य श्रेणी (१९८७) ही अनुभवाची नव्हे, नैराश्याची चाळणी आहे. पण भाषांतराचा धडा म्हणून तिचे उदाहरण घेण्याजोगे आहे. तिच्यातील एका विधानात परिस्थिती आपल्यावर चढून बसली आहे, या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार येतो. त्याचे शब्दशः मराठी केले तर 'डोक्यावर चढणे' होते, आणि मराठीत डोक्यावर चढते ते लाडावलेले मूल.

उत्तरांची श्रेणी

'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत' ही पदनिश्चयन श्रेणी परीक्षा दिलेल्यांच्या अंगवळणी पडलेली असते. इतरांसाठी 'अगदी खरं', 'थोडंफार खरं', 'फारसं खरं नाही', 'अजिबात खरं नाही' असे चार पर्याय तोंडी सांगणे सोपे जाते. रेषेवर खूण करण्याची रीत समजावण्यासाठी पाण्याने कमी-अधिक भरलेल्या पेल्यांची चित्रे वापरता येतात. 'सोळा आणे' ही म्हणण्याची रीत भाषेत जिवंत असली तरी आण्यांचा हिशेब तरुण मातांच्या पिढीने पाहिलेला नाही. मोजपट्टी म्हणून तो मोह टाळावा.

केव्हा, कोठे आणि कोणी विचारावे

रुग्णालयातून घरी सोडताना विचारलेल्या प्रश्नांना बहुधा गोड उत्तरे मिळतात. बाळ अजून तेथेच आहे, टाके काढायचे आहेत, कागदपत्रे व्हायची आहेत. अशा वेळी कोणी तक्रार करत नाही. एक महिन्याने विचारावे, तर विदर्भातही पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने स्त्री नोंदवलेल्या पत्त्यावर सापडेलच असे नाही. सव्वा महिन्यापर्यंत ती घराबाहेरही फारशी पडत नाही. सहा आठवड्यांच्या लसीकरणाचा दिवस हा त्यामुळे सोयीचा मुहूर्त ठरतो.

आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ४२ व्या दिवसापर्यंत ठरावीक भेटी देते. गडचिरोलीत विकसित झालेल्या घरोघरी नवजात बालसेवेच्या पद्धतीवर ही योजना बेतलेली आहे. तिच्याकरवी प्रश्नावली भरून घेणे स्वस्त पडते. परंतु अनेकदा तीच स्त्रीला रुग्णालयात घेऊन गेलेली असते, आणि तिच्यासमोर त्या रुग्णालयाला नावे ठेवणे अवघड जाते. सासूच्या उपस्थितीचाही परिणाम होतो. सेवेशी संबंध नसलेली, स्थानिक बोली बोलणारी स्त्री मुलाखतकर्ती आणि थोडा एकांत, एवढी तयारी साधनाच्या शब्दांइतकीच निर्णायक ठरते.

सांख्यिकीय पडताळणी

प्रत्येक प्रश्न विषयाला किती धरून आहे यावर तज्ज्ञांचे गुण घेऊन आशय सप्रमाणता काढतात. सहा ते दहा तज्ज्ञ असल्यास प्रत्येक प्रश्नासाठी किमान ०.७८ हा निर्देशांक अपेक्षित असतो. तज्ज्ञांत प्रसूतितज्ज्ञांबरोबर परिचारिका आणि नुकतीच बाळंत झालेली स्त्री असावी. आंतरिक सुसंगतीसाठी क्रॉनबाखचा अल्फा गुणक (१९५१) काढतात व ०.७० हा किमान मानतात. घटक विश्लेषणाने मूळचे घटक नव्या भाषेतही तसेच जुळतात का ते पाहतात. ज्ञात गटांची तुलना ही समजायला सर्वांत सोपी कसोटी: तातडीचे सिझर झालेल्या स्त्रियांचे गुण सुरळीत प्रसूती झालेल्यांपेक्षा कमी आले पाहिजेत. दोन्ही गटांचे गुण सारखेच उच्च आले, तर साधन अनुभव मोजत नसून सौजन्य मोजत आहे असे समजावे. पंधरा टक्क्यांहून अधिक स्त्रियांना कमाल गुण मिळाले तर त्यास 'छत-परिणाम' म्हणतात. अल्फा गुणक उत्तम असूनही हा दोष राहू शकतो, कारण सर्वच प्रश्नांना 'चांगलं होतं' असे उत्तर देणारी स्त्री अत्यंत सुसंगत असते.

भारतातील अभ्यास

व्यक्तिकेंद्री मातृसेवा श्रेणीची भारतीय पडताळणी उत्तर प्रदेशातील सार्वजनिक रुग्णालयांत होऊन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची भारतीय आवृत्ती २७ प्रश्नांची आहे. पुढे केनिया, घाना व भारत येथील माहितीवरून १३ प्रश्नांची संक्षिप्त आवृत्ती निघाली. छत्तीसगडमधील सार्वजनिक रुग्णालयांत बाळंत झालेल्या स्त्रियांच्या समाधानाचे सर्वेक्षण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गोव्यात विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी २७० मातांचा अभ्यास करून (२००२) २३ टक्के स्त्रियांत प्रसूतिपश्चात नैराश्य नोंदवले. गरिबी, पतीकडून होणारी हिंसा व बाळाचे लिंग यांचा त्याच्याशी संबंध दिसला. अनुभवाच्या प्रश्नावलीचे गुण वाचताना हा निष्कर्ष उपयोगी पडतो. मुलगा हवा असताना मुलगी झाल्याचे घरातील सावट रुग्णालयाच्या खात्यावर जमा होऊ नये, यासाठी बाळाचे लिंग व घरची परिस्थिती यांची नोंद स्वतंत्रपणे ठेवावी लागते.

हिंदीतील पाठ नागपुरात आहे तसा चालेल, असे गृहीत धरता येत नाही. नागपूरची हिंदी लखनौची नव्हे, आणि दैनंदिन व्यवहारात हिंदी सहज बोलणारी स्त्रीही कळांची गोष्ट सांगताना मातृभाषेकडे वळते. गोंडी बोलणाऱ्या स्त्रियांसाठी दुभाष्या लागतो, आणि दुभाष्या प्रत्येक वेळी नवे भाषांतर करतो. तेथे लिहून ठरवलेला गोंडी पाठ असल्याखेरीज मिळालेले गुण मराठी गुणांशी ताडून पाहता येत नाहीत.

मर्यादा

प्रश्नावली सरासरी देते. एखाद्या रुग्णालयाचे गुण उत्तम असतानाही तेथे एखाद्या स्त्रीला थप्पड बसलेली असू शकते. अशा घटनांसाठी तक्रार निवारणाची वेगळी व्यवस्था लागते. दोन जिल्ह्यांच्या गुणांची तुलना करायची तर साधन दोन्हीकडे सारखेच चालते हे आधी दाखवावे लागते. याशिवाय अनेक अभ्यासांत जिवंत व निरोगी बाळ जन्माला घातलेल्या स्त्रियांचाच समावेश केला जातो. मृतजन्म झालेल्या, बाळ अतिदक्षता विभागात असलेल्या किंवा स्वतः अत्यवस्थ होऊन मोठ्या रुग्णालयात हलवल्या गेलेल्या स्त्रिया नमुन्यात येत नाहीत, आणि त्यांच्यासाठी विधानांचे शब्दही वेगळे लागतात. 'बाळ हातात दिलं तेव्हा' या शब्दांनी सुरू होणारे विधान त्यांना विचारता येत नाही.